आधी डबी, मग नळी

८ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून करता येत नाही, तेवढं समजून घे.

हे अक्षर माझं नाही, हे तुला कळलंच असेल. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ आलेत. चाळीस वर्षं कोर्टात स्टेनो होते, आता खुब्याचं हाड मोडून घेऊन पडलेत. मी बोलतो, ते लिहितात. एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. मी म्हटलं, जरा सुधारून लिहा, तर म्हणाले, तशी सवय नाही. (होय, असे म्हणालो. – लेखनिक) बघ, हे असं आहे.

व्हेंटिलेटरवर बोलायचं म्हणजे यंत्र हवा आत ढकलतं तेवढ्या वेळात बोलून घ्यायचं. चार शब्द, थांबा. पुन्हा चार शब्द, थांबा. या पत्राला दोन दुपारी लागल्या आहेत, तेव्हा फाडून टाकू नकोस.

इथे एक नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी मला जे समजावलं ते मी तुला लिफ्टच्या भाषेत सांगतो, मला तीच येते. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पातळ स्नायू असतो. तो खाली ओढला गेला की हवा आत येते. ती माझी मोटार. तिला मानेतून निघालेली एक नस चालवते. मोटार शाबूत आहे, नसही शाबूत आहे. पण मेंदूकडून मानेत येणारी केबल मी लिफ्टच्या खड्ड्यात पडलो तेव्हाच तुटली, त्यामुळे वरून हुकूमच येत नाही. तर आता दुर्बिणीतून ऑपरेशन करून त्या स्नायूत चार बारीक तारा बसवायच्या, बरगड्यांखालून बाहेर काढायच्या आणि एका डबीला जोडायच्या. डबी मिनिटाला बारा वेळा विजेचा हलका झटका देते. झटका बसला की मोटार हलते. परवा मानेवर बाहेरून वीज लावून बघितलं. पडद्यावर उजवी बाजू टुणकन उडाली. डावी जरा आळशी आहे, पण चालेल म्हणाल्या.

जमलं तर दिवसभर या यंत्राशिवाय राहता येईल आणि इथून बाहेर पडता येईल. चोवीस तास यंत्राला बांधलेल्या माणसाला इथले लोक घरी सोडत नाहीत. नाही जमलं तर आहेच हे छत.

करावं की नाही, तू सांग. मला स्वतःला फारसा उत्साह नाही. खरं सांगू? गेल्या एप्रिलात मला या यंत्राला जोडा असं ज्यानं कुणी सांगितलं, त्याला एकदा समोर बसवून विचारायचं आहे, की कुणाला विचारून केलंस बाबा? इथं कुणालाच माहीत नाही. ते कागद आधीच्या इस्पितळात राहिले म्हणतात.

दहा महिन्यांत तू एकदाही आली नाहीस. गुडघा दुखतो, माहीत आहे. निदान लिहीत जा.

तुझा,
खटपट्या


१७ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली. उसवताना त्याला म्हटलं, माझ्या भावाचं पत्र आहे, थांबावं लागेल. बिचारा थांबला.

ऑपरेशन कर. यात विचारायचं काय? लहानपणी घरातला रेडिओ खोलून बसायचास तेव्हा कधी मला विचारलंस का? डॉक्टरीणबाईंना मात्र नीट विचार: तारा गंजतात का, डबीची बॅटरी किती दिवस पुरते, आंघोळ घालताना काय करायचं. तू विचारणार नाहीस, तुला सगळं आधीच कळलेलं असतं. स्टेनोसाहेबांना विचारायला सांग. त्यांना माझा नमस्कार. कोर्टातला माणूस आहे, कुणाला तरी उत्तर द्यायला लावतील.

तुझ्या छातीचं माप पाठव. श्वास आत घेतल्यावरचं आणि सोडल्यावरचं, दोन्ही. आरशासमोर उभं राहिलं की प्रत्येक गिऱ्हाईक छाती फुगवतं आणि मग सदरा ढगळ झाला म्हणून माझ्याशी भांडतं. तू निदान फुगवू शकणार नाहीस. पुढून पूर्ण उघडणारे चार सदरे शिवते, तारा बाहेर येतील तिथे फट ठेवून. कुठल्या बाजूला ते कळव.

त्या सांगणाऱ्या माणसाचं काय घेऊन बसलास? त्या घाईत कुणी काय सांगितलं असेल ते असेल. झालं गेलं सोडून दे.

यायचं फार मनात आहे. पण तीन शाळांचे गणवेश अंगावर आहेत, आणि गुडघा जिना चढताना आवाज करतो. बघते.

ताई


२६ मार्च

ताई,

ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले. तारा उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली येतात. मापं सिस्टरनी घेतली आहेत, सोबतच्या चिठ्ठीत आहेत. आत घेतल्यावर आणि सोडल्यावर यात फरक किती ते बघून हसू नकोस. माझी छाती हलतच नाही, सगळा कारभार पोटाचा आहे.

पहिला दिवस सांगतो. इथला नियम आहे: आधी डबी, मग नळी. डबी चालू करायची, झटके नीट बसताहेत का ते पोटावर हात ठेवून बघायचं, आणि मगच यंत्राची नळी काढायची. उलट केलं तर मधल्या वेळात माझ्याकडे काहीच उरत नाही. तर डबी चालू झाली, नळी निघाली, आणि एकदम शांत झालं. अकरा महिने कानाशी जी फुसफुस चालली होती ती बंद. मला वाटलं, गेलो. मग पोट वर आलेलं दिसलं. पुन्हा आलं. मी मेलो असतो तर पोटाला कुणी कळवलं नसतं का? पाच मिनिटं ठेवलं आणि परत जोडलं.

दुसऱ्या आठवड्यात गळ्यातल्या नळीला बूच लावलं, तशी हवा नाकातून आली. हवा आली म्हणजे वास आला. ताई, अकरा महिन्यांनी पहिला वास कशाचा यावा? स्टेनोसाहेबांच्या तेलाचा. (तेल बिनवासाचे म्हणून घेतले होते. – लेखनिक) मग फरशी पुसायच्या औषधाचा, मग कुणाच्या तरी संत्र्याचा. मी रडलो. एरवी टाळतो, कारण डोळे पुसायला सिस्टरला हाक मारावी लागते. त्या दिवशी नाही टाळलं.

आता एका तासात वीस मिनिटं डबीवर, चाळीस यंत्रावर. स्नायू इतके महिने झोपून होता, त्याला एकदम कामाला लावता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. थोडं थोडं वाढवतात. मला धीर नाही, हे तुला सांगायला नको. सलग दहा दिवस रोज बारा तास टिकलो तर घरी. रात्री जुनंच यंत्र लागेल, ते बरोबर देतात.

घरी कोण आहे, असं त्यांनी विचारलं. माझं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टा बसवल्या. हस. मी त्यांना म्हटलं, बघू.

खटपट्या


५ एप्रिल

खटपट्या,

मी हसले आणि मग बराच वेळ शिवायला घेतलं नाही. तुला वास आला, हे मी रस्त्यातून जाणाऱ्या दोघीतिघींना सांगितलं. त्यांना वाटलं बाईला काहीतरी झालं.

चार सदरे पाठवते आहे. फटीला आतून मऊ पट्टी लावली आहे म्हणजे तारांना घासणार नाही. निळा आधी घाल. तुला निळा कधी शोभला नाही, पण कापड चांगलं होतं.

तू विचारलेलं नाहीस, पण मी सांगते. माझी पुढची खोली, जिथे मी शिवते, ती तळमजल्याला आहे. गरज पडलीच तर ती रिकामी करता येईल. पण तू घाई करू नकोस. शिवणयंत्रं आत हलवायची, कपाट काढायचं, दाराची रुंदी बघायची, याला वेळ लागेल. आणि त्या यंत्रांतलं मला काही कळत नाही रे. मी मिक्सरचं बटण दाबतानासुद्धा एक पाऊल मागे उभी राहते. तू सावकाश बरा हो. पुढचं पुढे बघू.

येईन म्हणते आहे, पण अजून पंधरा दिवस तरी जमेलसं दिसत नाही.

ताई


२९ एप्रिल

आदरणीय बाईसाहेब,

हे पत्र मी माझ्या वतीने लिहीत आहे. आपल्या बंधूंनी लिहू नका असे सांगितले आहे. आयुष्यात प्रथमच मी सांगितलेले करत नाही.

दिनांक १७ एप्रिल रोजी बंधूंना डबीवर सलग चार तास ठेवण्याची परवानगी होती. त्या दिवशी त्यांनी मला सांगितले की नवीन लिफ्ट लोकांना वापरू देण्याआधी तिच्यात ठरलेल्या वजनाच्या सव्वापट वजन घालून चालवून पाहतात. तशी चालली तरच लिफ्ट भरवशाची. चारची सव्वापट पाच. खाटेच्या पायथ्याशी पांढरा फळा आहे, त्यावर रोजचे परवानगीचे तास लिहिलेले असतात. त्यांनी मला सांगितले, लिहा, पाच. मी वॉकर घेऊन गेलो आणि पाच लिहिले. चाळीस वर्षे माणसे बोलली ते मी उतरवले. ते खरे की खोटे हे पाहणे माझे काम नव्हते. ही सवय अंगवळणी पडली आहे, असे म्हणून मी सुटू इच्छीत नाही. चूक माझीही आहे.

संध्याकाळच्या सिस्टर फळ्याप्रमाणे वागल्या. चार तास चाळीस मिनिटांनी बंधूंचे ओठ काळसर झाले आणि बोटाला लावलेले यंत्र वाजू लागले. सिस्टरनी क्षणात नळी जोडली. जिवाला धोका राहिला नाही. परंतु स्नायू पार थकला. पाच दिवस डबी पूर्ण बंद ठेवली, आणि आता अर्ध्या तासापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. फळा पुसून मला एवढेच म्हणाल्या, यापुढे मी लिहीन.

आपले ५ एप्रिलचे पत्र मी बंधूंना तीनदा वाचून दाखवले होते. घाई करू नकोस, वेळ लागेल, पुढचं पुढे बघू, हे ऐकून त्यांचा असा समज झाला की ते आपल्याला घरी नको आहेत. म्हणून आपण अजिबात ओझे होणार नाही हे त्यांना लवकर दाखवायचे होते. आपण त्या अर्थाने लिहिले नसावे, असे मला वाटते. मी अर्थ लावत नसतो. हा अपवाद समजावा.

पुन्हा सुरुवात करू या का, असे डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला मात्र काल म्हणाले, ज्याने मला यंत्राला जोडायला सांगितले तो सापडला तर आता काढायलाही त्यालाच सांगेन.

शक्य असल्यास यावे. नपेक्षा लिहावे.

आपला,
शेजारच्या खाटेवरचा स्टेनो


४ मे

खटपट्या,

स्टेनोसाहेब, हे त्याला सगळं वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका.

तुला हवा असलेला माणूस मी आहे.

तू पडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होते. तिथल्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, मानेखाली आता काही हलणार नाही, यंत्र लावलं तर जगेल. मग विचारलं, तुमच्या भावाची काय इच्छा असती? मला माहीत होती. बाबा चार वर्षं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांची चादर बदलताना तू मला दहा वेळा म्हणाला असशील, ताई, माझं असं झालं तर मला ओढत ठेवू नकोस. हे सगळं मला त्या खुर्चीत आठवत होतं. आणि मी म्हटलं, त्याला जगायचं आहे. लावा. कागदावर सही केली. वेळसुद्धा मागितला नाही.

नऊ दिवस मी बाहेरच्या बाकावर होते. दहाव्या दिवशी तुझे डोळे उघडले, तुला ते आठवत नसणार. मला आत घेतलं. तुझ्या गळ्यात नळी होती, आवाज नव्हता. नुसते ओठ हलले. तू म्हणालास, बंद करा. सिस्टरनी मला विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, पाणी मागतोय. आणि तिथून निघाले ती थेट गाडीत येऊन बसले.

गुडघा दुखतो, पण इतका नाही. मी तुझ्यासमोर यायला घाबरते. तू विचारशील, कुणाला विचारून केलंस. मला तू हवा होतास, एवढंच होतं. तुला काय हवं होतं ते मी बाजूला सारलं.

आणि तू मला घरी नको कशाला असशील रे गाढवा?

आता तुला जे करायचं ते कर. मी अडवणार नाही. माझ्यावर राग धर, पण त्या फळ्यावर पुन्हा खोटं लिहवून घेऊ नकोस.

ताई


१२ जून

ताई,

तुझं पत्र आल्यावर पाच आठवडे लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

स्टेनोसाहेबांनी पत्र वाचलं, ‘पाणी मागतोय’पाशी आले तेव्हा त्यांनाच पाणी प्यावं लागलं. मग पुढे वाचलं. त्यांना मध्यंतरी घरी सोडलं, तरी दुपारचे येऊन बसतात. (घरी बोलायला कुणी नाही. – लेखनिक)

मला राग आला. तू सही केलीस त्याचा कमी, पाणी म्हणालीस त्याचा जास्त. वर्षभरात कुणी माझं म्हणणं ऐकलं नाही असं मला वाटत होतं, आणि ऐकणारी तूच निघालीस. पाच दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो. म्हणजे सिस्टरना तसं करायला लावलं. रुसायलासुद्धा मदत लागते.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा आल्या. म्हणाल्या, अर्ध्या तासापासून सुरू करू या? आणि मी हो म्हटलं. विचार करून नाही. तोंडातून निघून गेलं, जसं कुणी चहा घेणार का विचारल्यावर निघतं. त्या गेल्यावर मी स्वतःशी म्हटलं, हे काय बोललास? पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. म्हणजे तू त्या दिवशी खोटं बोललीस आणि मी इथे पडून ते खरं करून बसलो. याचाही मला राग येतो, सांगून ठेवतो. काही सकाळी अजूनही सगळं नको वाटतं. ते गेलेलं नाही, आणि ते गेलं असं मी तुला सांगणार नाही.

कालपर्यंत आठ दिवस झाले, बारा-बारा तास. फळ्यावर डॉक्टरीणबाई स्वतः लिहितात. निळा सदरा खरंच वाईट दिसतो.

अजून दोन दिवस नीट गेले तर सोडतील. आता ऐक. रोज सकाळी कुणीतरी डबी चालू करून मग नळी काढायची. रात्री नळी जोडून मग डबी बंद करायची. मधे बॅटरी बघायची, गळ्यातला कफ ओढून काढायचा. आठ दिवस इथे राहून शिकावं लागतं. मदतीला रोज एक बाई येईल, पण सकाळचं आणि रात्रीचं घरच्या माणसाला यायलाच हवं. मी बोटही लावू शकत नाही.

मागच्या वेळी तू मला न विचारता केलंस. या वेळी मी तुला विचारतो आहे. करशील का?

नाही म्हणालीस तरी चालेल. अशा माणसांची एक संस्था आहे, तिथे जागा होते आहे, बाग बरी आहे म्हणतात. फक्त जे असेल ते खरं सांग.

खटपट्या


१७ जून

खटपट्या,

करीन.

खरं सांगायचं तर भीती वाटते. परवापासून मी दुकानातल्या पंख्याचं बटण डोळे उघडे ठेवून दाबायला शिकते आहे. सिस्टरना सांग, मला पहिल्यांदा पाच-सहा वेळा नुसतं बघू द्या, मग हात लावेन. शिकायला वेळ लागेल, पण एकदा शिकले की चुकत नाही. इतक्या वर्षांत कुणाचा गळा तिरका कापलेला नाही.

खोली एप्रिलातच रिकामी केली. सदरे पाठवले त्याच आठवड्यात. तुला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून वेळ लागेल, वेळ लागेल असं लिहीत बसले. दार चार बोटं अरुंद होतं, ते सुताराकडून रुंद करून घेतलं आहे. खाट खिडकीकडे डोकं करून ठेवायची की पाय, ते तू आल्यावर ठरव.

एक गोष्ट समोर आल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. रोज सकाळी डबी चालू करण्याआधी मी तुला विचारीन. तू म्हणशील, काय रोज रोज तेच. तरी विचारीन. आणि एखाद्या सकाळी तू नाही म्हणालास, तर मी पाणी मागतोय असं कुणाला सांगणार नाही. तुझ्याजवळ बसेन आणि तुझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेईन. डॉक्टरीणबाईंना बोलवायचं तर त्यांनाही तुझेच शब्द सांगेन. मला ते ऐकवणार नाही, हे तुला माहीत आहे. तरी उठून जाणार नाही.

गुरुवारच्या दुपारच्या गाडीनं निघते आहे. हे पत्र आधी पोचतं की मी, कुणास ठाऊक. मी आधी आले तर स्टेनोसाहेबांना म्हणावं, थोडा वेळ बाहेर बसा, आज लिहायचं काही नाही.

ताई